फी माफ, दार अरुंद

हार्वर्ड विद्यापीठात २०२५-२६ या वर्षासाठी पदवीच्या एका विद्यार्थ्याचा खर्च ट्यूशन फी, वसतिगृह, जेवण आणि इतर आकार धरून ८७ हजार डॉलरच्या घरात जातो. रुपयांत हे पाऊण कोटी झाले. चार वर्षांचे तीन कोटी. हा आकडा मराठी घरांपर्यंत पोचलेला आहे आणि बहुतेक घरांत विषय तिथेच संपतो. त्याच विद्यापीठाचा दुसरा आकडा मात्र तितका फिरत नाही. हार्वर्डच्या पदवीच्या विद्यार्थ्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश मुलांच्या घरून काहीही घेतलं जात नाही आणि ५५ टक्के मुलांना विद्यापीठाची शिष्यवृत्ती मिळते. मार्च २०२५मध्ये विद्यापीठाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. वर्षाला एक लाख डॉलरपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलाचा सगळा खर्च विद्यापीठ उचलणार आणि दोन लाखांपर्यंतच्या घरांना ट्यूशन फी माफ. अमेरिकेतल्या मधल्या घराचं वार्षिक उत्पन्न ऐंशी हजार डॉलरच्या आसपास आहे. म्हणजे देशातल्या निम्म्याहून अधिक घरांसाठी हार्वर्ड कागदोपत्री फुकट आहे.

तरीही तिथली ४५ टक्के मुलं विद्यापीठाची शिष्यवृत्ती न घेता शिकतात. अशी मुलं बहुतांशी दोन लाख डॉलरच्या बऱ्याच वरच्या घरांतून येतात. देशात दोन लाखांवरची घरं साधारण सातांत एक. वर्गात मात्र ती जवळपास निम्मी. फीची सवलत आणि प्रवेशाची संधी हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि गेल्या पंचवीस वर्षांत श्रीमंत विद्यापीठांनी पहिला जितक्या हिरिरीने सोडवला तितका दुसरा सोडवलेला नाही, हे या दोन आकड्यांच्या फटीत दिसतं.

गरजूला मदत करण्याची कल्पना जुनी आहे. १६४३ साली लंडनच्या लेडी ॲन मौलसन यांनी हार्वर्डला शंभर पौंड दिले आणि ती अमेरिकेतली पहिली शिष्यवृत्ती मानली जाते. पण पुढची तीनशे वर्षं शिष्यवृत्ती दात्याच्या इच्छेवर आणि कॉलेजच्या मर्जीवर चालली. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४४च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांची फी सरकार भरू लागलं आणि कॉलेजात जाणाऱ्यांची संख्या झपाट्याने वाढली, तेव्हा वेगळीच अडचण उभी राहिली. हुशार मुलासाठी कॉलेजं एकमेकांवर चढाओढीने बोली लावू लागली. ज्याच्या घरी पैसे आहेत त्यालाही शिष्यवृत्ती आणि ज्याला खरी गरज त्याच्यासाठी पैसे अपुरे, असं होऊ लागलं. हार्वर्डचे जॉन मनरो यांनी त्यावर एक सूत्र मांडलं : घरचं उत्पन्न, मालमत्ता, शिकणारी मुलं यांवरून कुटुंबाला किती झेपेल ते काढायचं आणि उरलेली रक्कम कॉलेजने द्यायची. १९५४मध्ये प्रवेशपरीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाने याच तत्त्वावर कॉलेज स्कॉलरशिप सर्व्हिस सुरू केली. आजही खाजगी विद्यापीठं जो सविस्तर अर्ज भरून घेतात, त्या ‘सीएसएस प्रोफाइल’च्या नावात हीच संस्था आहे.

सरकारची मदत त्यानंतर आली. सोव्हिएत स्पुटनिक उपग्रहाच्या धसक्याने १९५८मध्ये विद्यार्थ्यांसाठी केंद्रीय कर्जं सुरू झाली, १९६५मध्ये उच्च शिक्षणाचा कायदा झाला आणि १९७२मध्ये ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबॉर्न पेल यांच्या आग्रहामुळे गरीब घरातल्या मुलांना थेट अनुदान मिळू लागलं. त्याला पुढे पेल यांचंच नाव दिलं गेलं. सत्तरच्या दशकात हे अनुदान सरकारी विद्यापीठाचा बहुतेक खर्च भागवत असे. आता त्याची कमाल मर्यादा वर्षाला ७,३९५ डॉलर आहे आणि त्यात सरकारी विद्यापीठाचाही एक तृतीयांश खर्च जेमतेम निघतो. पण पेल अनुदानाचा आणखी एक उपयोग झाला. एखाद्या विद्यापीठात गरीब घरातली मुलं किती, हे मोजायला ते सर्वांत सोपं माप ठरलं.

मनरोंच्या सूत्रामागे एक नैतिक भूमिका होती आणि ती टिकवायला कॉलेजांना एकमेकांशी बोलावं लागे. १९५८पासून आयव्ही लीगची आठ विद्यापीठं आणि एमआयटी यांचे अधिकारी दर वसंतात एकत्र बसत. ज्या मुलांना एकापेक्षा जास्त ठिकाणी प्रवेश मिळाला आहे त्यांच्या याद्या समोर ठेवत आणि प्रत्येक कुटुंबाने किती द्यायचं हे मिळून ठरवत. मुलाने कॉलेज निवडावं ते शिक्षणासाठी, दोन हजार डॉलर जास्त मिळतात म्हणून नव्हे, असा त्यांचा युक्तिवाद. न्याय खात्याला यात भाव ठरवणारी टोळी दिसली. १९९१मध्ये खटला दाखल झाला. आठही आयव्हींनी लगेच समझोता केला. एमआयटी एकटी लढली. १९९२मध्ये ती हरली, १९९३मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवून फेरविचाराला पाठवला, आणि शेवटी तडजोड झाली. १९९४मध्ये काँग्रेसने कायद्यात कलम ५६८ घातलं : प्रवेश देताना घरच्या परिस्थितीकडे मुळीच न बघणाऱ्या कॉलेजांना मदतीचं समान सूत्र ठरवता येईल.

या प्रकरणात मला एमआयटीची बाजू पटते, आणि तरीही न्याय खात्याची शंका पोकळ वाटत नाही. बंद दाराआड ठरलेलं सूत्र गरिबांच्या बाजूने झुकतं की कॉलेजच्या तिजोरीच्या, हे बाहेरच्याला कळण्याचा मार्ग नव्हता. ही शंका जानेवारी २०२२मध्ये पुन्हा न्यायालयात आली. माजी विद्यार्थ्यांनी शिकागोत खटला भरला. त्यांचं म्हणणं असं : या कलमाच्या आधारे एकत्र आलेल्या गटातल्या नामांकित विद्यापीठांनी समान सूत्र वापरून मदत कमी केली; शिवाय देणगीदारांच्या मुलांना ती खास वागणूक देत होती, म्हणजे ती घरच्या परिस्थितीकडे डोळेझाक करतच नव्हती आणि ५६८ची सवलत त्यांना लागूच नव्हती. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर कलमाची मुदत संपली आणि गट विसर्जित झाला. २०२४च्या सुरुवातीपर्यंत दहा विद्यापीठांनी मिळून २८ कोटी ४० लाख डॉलर देऊन खटला मिटवला. चूक मात्र कुणी कबूल केली नाही. श्रीमंताच्या मुलाला दिलेली सवलत गरिबाच्या मदतीच्या विरोधात पुरावा म्हणून उभी राहावी, हा या खटल्याचा सर्वांत महत्त्वाचा धागा आहे.

या भांडणाच्या मधल्या काळात मदतीचं स्वरूपच बदललं. २००१मध्ये प्रिन्स्टनने जाहीर केलं, की मदतीत कर्ज नसेल. जेवढी गरज तेवढं अनुदान, फेडायचं काही नाही. २००४मध्ये हार्वर्डने चाळीस हजार डॉलरखालच्या घरांकडून काहीही न घेण्याचं ठरवलं, दोन वर्षांनी ती मर्यादा साठ हजार केली आणि २००७च्या डिसेंबरात मध्यमवर्गालाही मोठी सवलत दिली. पाठोपाठ येल आणि स्टॅनफर्डने तसंच केलं. यात औदार्य होतं, तसा दबावही होता. विद्यापीठांकडे साठलेल्या प्रचंड निधीवर त्या सुमारास सिनेटची नजर गेली होती. जानेवारी २००८मध्ये अर्थ समितीने १३६ संस्थांना पत्र पाठवून निधीचा आणि मदतीचा हिशेब मागितला.

त्याच वर्षी बाजार कोसळला. हार्वर्डचा निधी ३७ अब्ज डॉलरच्या जवळ होता तो २६ अब्जांवर आला. हार्वर्डला हा धक्का सोसला. विल्यम्स कॉलेज आणि डार्टमथ यांनी मात्र २०१०मध्ये कर्जं परत आणली. ती काढायला पुढची बारा वर्षं लागली. २०२२मध्ये डार्टमथने कर्जं बंद केली, आणि विल्यम्सने तर त्यापुढे जाऊन शिकताना काम करण्याची आणि सुट्टीत कमाई करून हातभार लावण्याची अटही काढून टाकली. ही अट बाहेरून किरकोळ वाटते. पण श्रीमंत घरातलं मूल उन्हाळ्यात बिनपगारी इंटर्नशिप करून अनुभव मिळवतं तेव्हा गरीब मूल दोन हजार डॉलर उभे करण्यासाठी दुकानात उभं राहतं, आणि पदवीनंतर नोकरीच्या दारात दोघांचे कागद वेगळे दिसतात. विल्यम्सचा निर्णय मला हार्वर्डच्या घोषणेपेक्षा मोलाचा वाटतो.

गेल्या काही वर्षांत घोषणांचा वेग वाढला. एमआयटीने २०२५च्या प्रवेशांपासून दोन लाखांखाली ट्यूशन फी आणि एक लाखाखाली सगळाच खर्च माफ केला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाने दोन लाखांची मर्यादा घालताना राहत्या घराची किंमत हिशेबातून वगळली. ऑगस्ट २०२५मध्ये प्रिन्स्टनने दीड लाखांपर्यंत सगळा खर्च आणि अडीच लाखांपर्यंत ट्यूशन फी माफ केली. उद्योगपती मायकल ब्लूमबर्ग यांनी २०१८मध्ये आपल्या जॉन्स हॉपकिन्सला केवळ पदवीच्या विद्यार्थ्यांच्या मदतीसाठी १.८ अब्ज डॉलर दिले.

आता प्रिन्स्टनकडे पुन्हा वळू, कारण तिथे या प्रश्नाचा गाभा दिसतो. कर्जमुक्त मदतीची घोषणा २००१ची. त्यानंतर काही वर्षांनी, २००८मध्ये पदवी घेणाऱ्या तुकडीत पेल अनुदानाला पात्र मुलं होती साधारण सात टक्के. शिक्षण फुकट झालं होतं, पण ते घ्यायला गरीब मुलं आतच नव्हती. मग विद्यापीठाने निवडीची पद्धत बदलली, गरीब घरांतली मुलं शोधायला माणसं पाठवली, कम्युनिटी कॉलेजमधून आणि लष्करातून येणाऱ्यांसाठी २०१८मध्ये बदलीचा प्रवेश पुन्हा सुरू केला. आता नव्या तुकडीत पेलपात्र मुलं पाचात एकाहून अधिक आहेत. मदतीच्या पैशाने जे झालं नव्हतं ते प्रवेश कार्यालयाने ठरवल्यावर झालं.

बाकीच्या बऱ्याच ठिकाणी तसं ठरवलं गेलं नाही. अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोट्यवधी करपत्रकांवरून २०१७मध्ये दाखवलं, की देशातली ३८ कॉलेजं अशी आहेत जिथे सर्वांत वरच्या एक टक्का घरांतली मुलं तळाच्या साठ टक्के घरांतल्या मुलांहून जास्त आहेत. त्यात पाच आयव्ही होत्या. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तर वरच्या एक टक्क्यातली २१.७ टक्के आणि खालच्या साठ टक्क्यांतली ६.१ टक्के. २०२३मध्ये याच गटाने पुढचा प्रश्न विचारला : ही तफावत गुणांमुळे आहे का? उत्तर आलं, की परीक्षेत तेवढेच गुण मिळवलेल्या मध्यमवर्गीय मुलापेक्षा वरच्या एक टक्क्यातलं मूल अशा नामांकित विद्यापीठात शिकायला जाण्याची शक्यता दुपटीहून जास्त आहे. त्याची मुख्य कारणं तीन. आईवडील त्याच विद्यापीठाचे असणं, खेळाडूंची भरती, आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना दिलेले गुण. खेळाडू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गरीब घरातला धावपटू येतो. तिथे तलवारबाजी, नौकानयन, स्क्वॉश हेही खेळ असतात आणि ते शिकवायला पैसे लागतात. अभ्यासाबाहेरचे गुणही बऱ्याच प्रमाणात महागड्या खाजगी शाळांची शिफारसपत्रंच ठरवतात.

माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना दिलं जाणारं झुकतं माप कमी करण्याच्या हालचाली जून २०२३नंतर वाढल्या, कारण त्या महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वंशाचा विचार करून प्रवेश देणं बंद केलं. जॉन्स हॉपकिन्स आणि ॲमहर्स्टने हे झुकतं माप आधीच काढलं होतं. कॅलिफोर्नियाने २०२४मध्ये कायदा करून खाजगी विद्यापीठांनाही मनाई केली. त्यावर स्टॅनफर्डने घेतलेला निर्णय खेदजनक आहे. राज्याच्या शिष्यवृत्ती योजनेवर पाणी सोडायचं, पण माजी विद्यार्थ्यांच्या मुलांचा विचार चालू ठेवायचा. राज्याकडून येणारी रक्कम विद्यापीठ स्वतःच्या पैशातून भरणार, त्यामुळे विद्यार्थ्याचं नुकसान होणार नाही, हे खरं. पण दारात कुणाला पुढे घ्यायचं हा हक्क विद्यापीठाला किती प्यारा आहे, तेही यातून कळतं.

दुसरी आडवाट लवकर प्रवेशाची. कोलंबिया, पेन, ब्राउन, कॉर्नेल, डार्टमथ इथे मूल नोव्हेंबरात अर्ज करून ‘घेतलंत तर येईनच’ असं वचन देतं आणि अशा मुलांना प्रवेश मिळण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. ज्या घराला चार कॉलेजांनी देऊ केलेली मदत शेजारी ठेवून बघायची आहे ते असं वचन देऊ शकत नाही. हार्वर्डने, त्याची अट एवढी बांधणारी नसतानाही, आणि प्रिन्स्टनने २००६मध्ये लवकर प्रवेश बंद करण्याचं ठरवलं होतं. बाकीचे मागे आले नाहीत, चांगली मुलं हातची जाऊ लागली, आणि २०११मध्ये दोघांनी तो परत सुरू केला. एकट्याने चांगलं वागून भागत नाही आणि मिळून वागावं तर स्पर्धा कायदा आडवा येतो, या पेचातून या विद्यापीठांना अजून वाट सापडलेली नाही.

पण दारापर्यंत न येणाऱ्यांचं काय? अर्थशास्त्रज्ञ कॅरोलिन हॉक्सबी आणि ख्रिस्तोफर एव्हरी यांनी दाखवलं, की गरीब घरांतली उत्तम गुणांची बहुसंख्य मुलं नामांकित कॉलेजांकडे अर्जच करत नाहीत. ज्या कॉलेजात त्यांना कमी खर्च आला असता तिथे न जाता ती जवळच्या, प्रत्यक्षात महाग पडणाऱ्या कॉलेजात जातात. छापील फी बघूनच घर मागे सरतं. या अडचणीवर मला माहीत असलेला सर्वांत सुंदर प्रयोग मिशिगन विद्यापीठाचा आहे. सुझन डायनार्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१५च्या सुमारास राज्यातल्या गरीब घरांतल्या हुशार मुलांना पत्रं पाठवली : प्रवेश मिळाला तर चार वर्षं ट्यूशन फी माफ, त्यासाठी मदतीचा अर्जही भरावा लागणार नाही. विद्यापीठाने यासाठी जवळपास नवा पैसा घातला नाही; यातल्या बहुतेक मुलांना नेहमीच्या वाटेनेही तेवढी मदत मिळालीच असती. तरी पत्र न मिळालेल्या मुलांत २६ टक्क्यांनी अर्ज केला आणि पत्र मिळालेल्यांत ६८ टक्क्यांनी. प्रवेश घेणारी मुलंही दुपटीहून वाढली. बदललं होतं एवढंच, की ‘बहुधा मिळेल’च्या जागी ‘मिळेलच’ आलं होतं.

नुसती माहिती देणं आणि शब्द देणं यांत फरक आहे, हे दुसऱ्या बाजूनेही सिद्ध झालं. हॉक्सबी आणि सारा टर्नर यांनी मुलामागे सहा डॉलर खर्चून माहितीची पाकिटं पाठवली तेव्हा सुरुवातीला चांगला परिणाम दिसला. कॉलेज बोर्डाने तीच कल्पना मोठ्या प्रमाणावर राबवली तेव्हा तो परिणाम दिसेनासा झाला.

शब्द देण्याऐवजी घरांच्या वाट्याला येतात ते अर्ज. अमेरिकी केंद्र सरकारचा ‘फाफ्सा’ हा मदतीचा अर्ज सोपा करण्याचा कायदा २०२०मध्ये झाला. नवा अर्ज ऑक्टोबर २०२३मध्ये यायला हवा होता, तो डिसेंबरअखेर आला आणि तोही चुकांसह. त्या वर्षी लाखो मुलांना मदतीचा आकडा कळायला वसंत उलटून गेला. सीएसएस प्रोफाइल त्याहून खोलात जातो : राहत्या घराची किंमत, शेती, छोटा धंदा, विभक्त झालेल्या वडिलांचं उत्पन्न. जे वडील दहा वर्षांत घरी फिरकले नाहीत त्यांचा पगार कुठून आणायचा, हा प्रश्न सतरा वर्षांच्या मुलीवर पडतो. कॉलेजांनी संकेतस्थळावर अंदाजी खर्चाचं गणकयंत्र ठेवावं अशी सक्ती २०११पासून आहे. ती गणकयंत्रंही अनेकदा किचकट असतात. वेल्स्ली कॉलेजचे अर्थशास्त्रज्ञ फिलिप लेव्हिन यांनी मोजक्या प्रश्नांत उत्तर देणारं ‘मायइनट्यूशन’ तयार केलं, आणि अनेक कॉलेजांनी ते स्वीकारलं. एका प्राध्यापकाला जे सुचलं ते एवढ्या मोठ्या संस्थांना दशकानुदशकं का सुचलं नाही, हे विचारायलाच हवं.

आत गेल्यावरही पैशाची गाठ सुटत नाही. समाजशास्त्रज्ञ अँथनी जॅक यांनी २०१९च्या ‘द प्रिव्हिलेज्ड पूअर’ या पुस्तकासाठी एका नामांकित विद्यापीठातली मुलं वर्षानुवर्षं जवळून बघितली. वसंतातल्या सुट्टीत भोजनगृहं बंद व्हायची. विद्यापीठ धरून चालायचं, की मुलं घरी किंवा सहलीला गेली असतील. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते ती वसतिगृहात उपाशी राहायची. पूर्ण शिष्यवृत्ती असलेली मुलं ही. त्यांच्या कामानंतर काही विद्यापीठांनी सुट्टीत भोजनगृहं उघडी ठेवायला सुरुवात केली.

आतापर्यंत ज्यांची नावं घेतली त्या संस्था अपवाद आहेत, हेही सांगायला हवं. आठ आयव्हींमध्ये मिळून पदवीची मुलं सत्तर हजारांच्या आत. देशात दीड कोटीच्या वर. सगळी गरज भागवण्याचा शब्द देणारी कॉलेजं फार थोडी आहेत आणि त्यांतल्या सगळ्यांना तो झेपत नाही. वेस्लियन विद्यापीठाने २०१२मध्ये घरची परिस्थिती न बघता प्रवेश देणं सोडलं, कारण निधी पुरेना. न्यू यॉर्कच्या कूपर युनियनची गोष्ट तर चटका लावणारी आहे. १८५९पासून कामकरी घरांतल्या मुलांना मोफत शिकवण्याचा वारसा; मग नव्या इमारतीसाठी काढलेल्या साडेसतरा कोटी डॉलरच्या कर्जाचा भार, आणि २०१४पासून फी. ती पुन्हा पूर्ण माफ करण्याची धडपड आजही चालू आहे. उलट केंटकीतलं बेरिया कॉलेज १८९२पासून एकाही विद्यार्थ्याकडून ट्यूशन फी घेत नाही. प्रत्येक मूल कॉलेजात काही तास काम करतं आणि बहुतेक सगळी मुलं गरीब घरांतली असतात. तरी नामांकित कॉलेजांची नावं घेताना बेरियाचं नाव सहसा येत नाही. आणि कॅलिफोर्नियाच्या बर्कले आणि लॉस एंजेलिस या दोनच सरकारी विद्यापीठांत मिळून आठही आयव्हींपेक्षा जास्त पेल विद्यार्थी शिकतात.

म्हणून जागांचा प्रश्न मला फीच्या प्रश्नाहून मोठा वाटतो. हार्वर्डकडे पन्नास हजारांच्या आसपास अर्ज येतात आणि पहिल्या वर्षात दाखल होतात साडेसोळाशेच्या आसपास मुलं; हा आकडा कित्येक दशकं जवळपास तसाच आहे. निधी या काळात अनेक पटींनी वाढून २०२५मध्ये ५७ अब्ज डॉलरच्या जवळ पोचला. येलने २०१७मध्ये दोन नवी निवासी कॉलेजं उघडून दर वर्षाच्या जागा दोनशेने वाढवल्या, प्रिन्स्टननेही वाढवल्या. म्हणजे हे अशक्य नाही. पण दुर्मीळ राहण्यातच प्रतिष्ठा आहे, हे समीकरण फारसं कुणी मोडायला तयार नाही. दरम्यान सरकारने दुसरीकडून हात घातला. २०१७मध्ये श्रीमंत विद्यापीठांच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नावर १.४ टक्के कर बसला, २०२५च्या कायद्याने तो विद्यार्थ्यामागच्या निधीनुसार आठ टक्क्यांपर्यंत नेला. या कराचा पैसा गरीब विद्यार्थ्यांकडे वळवण्याची तरतूद त्यात नाही. जागा वाढवणाऱ्याला करात सूट, असं त्यात असतं तर मी त्याचं स्वागत केलं असतं.

मराठी घरांचा या सगळ्याशी संबंध दोन ठिकाणी येतो. पहिला, बारावीनंतर. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन, नोटर डेम अशी दहाच्या आसपास कॉलेजं परदेशी मुलांनाही घरची परिस्थिती न बघता प्रवेश देतात आणि गरजेएवढी मदत करतात. नाशिकच्या शिक्षकाच्या मुलीला तिथे प्रवेश मिळाला तर बोस्टनच्या शिक्षकाच्या मुलीला लागू होणारा नियमच तिला लागू होतो. बाकी बहुतेक ठिकाणी मात्र मदत मागणारा परदेशी अर्जदार त्या मागणीमुळेच मागे पडू शकतो. कॉर्नेलमध्ये टाटा ट्रस्टच्या २००८च्या देणगीतून खास भारतीय विद्यार्थ्यांसाठी निधी आहे.

दुसरा संबंध एमएसचा, आणि आपली बहुसंख्य मुलं तिथेच जातात. २०२३-२४मध्ये अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी होते. त्यांत पदवीचे फक्त ३६,०५३ आणि पदव्युत्तर १,९६,५६७. वर सांगितलेली सगळी उदारता पदवीच्या वर्गापुरती आहे. पीएचडीला फी माफ होऊन विद्यावेतन मिळतं. मधली मास्टर्स ही पदवी मात्र बहुतेक विद्यापीठांसाठी कमाईचं साधन आहे, आणि नामांकित विद्यापीठंही याला अपवाद नाहीत. कोलंबियाच्या चित्रपट विषयातल्या मास्टर्सच्या कर्जदार विद्यार्थ्यांवर मधला आकडा धरला तर १,८१,००० डॉलरचं सरकारी कर्ज होतं, असं ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने २०२१मध्ये दाखवून दिलं. पदव्युत्तर शिक्षणासाठी लागेल तेवढं कर्ज देणारी अमेरिकी सरकारी योजना १ जुलै २०२६पासून नव्या कर्जदारांना बंद होत आहे. आपल्या मुलांना ती कधीच नव्हती. त्यांच्यासाठी आहे ती इथली बँक, आणि रक्कम साडेसात लाखांच्या वर गेली की सहसा तारण म्हणून वडिलांचं घर.

परदेशी शिक्षणाला मदत करण्याची आपल्याकडची परंपरा मात्र मोठी आहे. जमशेटजी टाटांनी १८९२मध्ये सुरू केलेला निधी आजही कर्जाऊ शिष्यवृत्ती देतो. १९१३मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबियाला गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या, महिना साडेअकरा पौंडांच्या, तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर. ती संपली तेव्हा लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून त्यांना १९१७मध्ये परतावं लागलं. पुन्हा जायला १९२० उजाडलं, तेही सिडनहॅम कॉलेजच्या पगारातून साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेली उसनवारी, असं सगळं जमवून.

आज त्याच शाहू महाराजांच्या नावाची महाराष्ट्र सरकारची परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या ७५ विद्यार्थ्यांना दर वर्षी मिळते. केंद्राच्या राष्ट्रीय योजनेत देशभरासाठी १२५ जागा आहेत. राज्याच्या योजनेची रीत अशी, की विद्यार्थ्याने आधी विद्यापीठाचं विनाअट प्रवेशपत्र आणायचं, मग अर्ज करायचा, मग निवडीची वाट बघायची. प्रवेशपत्रासाठी लागणारे अर्जशुल्क, परीक्षा, अनामत हे सगळं शिष्यवृत्तीची खात्री नसताना भरायचं. मिशिगनचा प्रयोग इथे जसाच्या तसा लागू पडतो. पात्र विद्यार्थ्याला पदवीच्या शेवटच्या वर्षातच समाजकल्याण विभागाचं पत्र मिळावं, की या यादीतल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला तर खर्च सरकारचा, आणि परीक्षांचं व अर्जांचं शुल्क आगाऊ. जागा ७५वरून वाढवायला पैसे लागतील. हे पत्र पाठवायला टपालखर्च लागेल.